जॅकेटवरचा एक शब्द : न्यू यॉर्क रेन्स या संघाची कथा

१/
मार्च १९३९. व्यावसायिक बास्केटबॉलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा शिकागोत जिंकून न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीतला एक संघ घरी परतला. मालकांनी खेळाडूंना कौतुकाने जॅकेटे दिली. त्यांवर अक्षरे होती : ‘न्यू यॉर्क रेन्स, कलर्ड वर्ल्ड चॅम्पियन्स’. जॉन आयझॅक्स या तेवीस वर्षांच्या खेळाडूने एक ब्लेड मागून घेतले आणि त्यातला ‘कलर्ड’ हा शब्द जॅकेटवरून उसवून काढला.

२/
जॅकेटाची नासाडी करतो आहेस, असे मालकांनी त्याला म्हटले. आपण ते सुधारतो आहोत, असे आयझॅक्स यांचे म्हणणे पडले. ‘कलर्ड’ हा त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांना लावला जाणारा शब्द. पाणपोई, रेल्वेचा डबा, रुग्णालयाचे दार, सर्वत्र त्याच्या पाट्या. पण शिकागोत रेन्सने हरवले होते ते गोऱ्यांनाही. मग अजिंक्यपदाला रंगाचे विशेषण कशाला?

३/
अमेरिकी बास्केटबॉल म्हटले की आपल्याला एनबीए आठवते, मायकेल जॉर्डन आठवतो. त्या साऱ्यांच्या कितीतरी आधी, २५ वर्षांहून अधिक काळ, कृष्णवर्णीयांच्याच मालकीचा एक व्यावसायिक संघ देशभर खेळत आणि जिंकत होता. त्याच्या नावावर २५८८ विजय आणि ५३९ पराभव अशी नोंद सांगितली जाते. आजचा थ्रेड त्या संघाविषयी, आणि मैदानावर सर्व काही जिंकूनही जे त्याला मिळू शकले नाही त्याविषयी.

४/
डिसेंबर १८९१. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या आणि झाला प्रारंभ. वायएमसीएच्या शाखांतून तो झपाट्याने पसरला. पण शाखा, क्लब, व्यायामशाळा हे सारे वर्णभेदाने विभागलेले होते. कृष्णवर्णीय मुलांपर्यंत तो उशिरा पोहोचला.

५/
एडविन हेंडरसन हे वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय शिक्षक. १९०४ मध्ये हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात शारीरिक शिक्षणाचे धडे घेताना त्यांनी बास्केटबॉल शिकून घेतला आणि परतल्यावर आपल्या विद्यार्थ्यांना शिकवला. पुढील काही वर्षांत वॉशिंग्टन, ब्रुकलिन, पिट्सबर्ग येथे कृष्णवर्णीयांचे क्लब उभे राहिले. संघात खेळाडू पाच, म्हणून या संघांना ‘ब्लॅक फाइव्ह्ज’ असे नाव पडले.

६/
याच सुमारास कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावरून एक तरुण न्यू यॉर्कला आला होता. रॉबर्ट डग्लस, पुढे सर्वांचे बॉब डग्लस. जन्म १८८२ चा. पोटासाठी मिळेल ते काम करीत असताना एकदा त्यांनी बास्केटबॉलचा सामना पाहिला आणि या खेळाने त्यांना कायमचे धरून ठेवले. १९०८ मध्ये मित्रांसह त्यांनी स्पार्टन फील्ड क्लबची स्थापना केली. क्रिकेटही त्यात होते. डग्लस शेवटी वेस्ट इंडीजचेच!

७/
क्लबचा बास्केटबॉल संघ ‘स्पार्टन ब्रेव्हज’. तो काळ हौशी खेळाच्या सोवळ्याचा होता. पैसे घेऊन खेळणारा खेळाडू बाटलेला, त्याला संघात घेणारा क्लबही बाटलेला. यावरून डग्लस यांचा स्थानिक संघटनेशी खटका उडाला. हौस परवडते ती सुखवस्तू माणसाला. दिवसभर राबणाऱ्याने खेळायचे तर खेळाने त्याला भाकरी दिली पाहिजे, हे वास्तव होते. डग्लस उघडपणे व्यावसायिक संघाकडे वळले.

८/
संघ हवा तर मैदान हवे, आणि न्यू यॉर्कमधील चांगली सभागृहे कृष्णवर्णीय संघाला सहजी मिळत नसत. दक्षिणेकडील राज्यांतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी हार्लेम तेव्हा फुलून गेले होते. तेथे सेव्हन्थ अॅव्हेन्यू आणि १३८ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक भव्य वास्तू उभी राहिली : रेनेसान्स कॅसिनो. नृत्यगृह, नाट्यगृह, दुकाने असा सारा संसार. विशेष म्हणजे तिचे मालकही कॅरिबियनमधून आलेले कृष्णवर्णीय उद्योजकच होते.

९/
१९२३ मध्ये डग्लस यांनी त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला. तुमच्या नृत्यगृहात आम्हाला सराव आणि सामने करू द्या. बदल्यात संघाला तुमच्या वास्तूचे नाव देतो, फुकट जाहिरात होईल. स्वतः डग्लस यांना हे नाव विशेष रुचले नव्हते, त्यांना ‘स्पार्टन’च हवे होते. पण जागेची किंमत चुकवायची तर नाव द्यायला हवे. अशा रीतीने ‘न्यू यॉर्क रेनेसान्स’, लोकांच्या तोंडी ‘रेन्स’, हा संघ जन्मला.

१०/
रेनेसान्स म्हणजे पुनरुज्जीवन, प्रबोधन. आज इतिहासकार त्या काळातील कृष्णवर्णीयांच्या साहित्य, संगीत, कलेच्या बहराला ‘हार्लेम रेनेसान्स’ म्हणतात. संघाचे नाव मात्र त्या चळवळीवरून आलेले नाही, ते आले इमारतीच्या भाड्याच्या हिशेबातून. तरीही योग असा की ते त्याला शोभले. सर्व खेळाडू कृष्णवर्णीय, मालकही कृष्णवर्णीय आणि व्यवहार पूर्णतः व्यावसायिक, असा हा पहिला संघ. पहिला सामना ३ नोव्हेंबर १९२३ रोजी, २८-२२ असा जिंकलेला.

११/
सामन्याच्या संध्याकाळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. झुंबरांखाली नृत्याची गुळगुळीत लाकडी जमीन, दोन्ही टोकांना तात्पुरती उभारलेली बास्केट, भोवती टेबलांशी बसलेली, उंची पोशाख घातलेली मंडळी. आधी वाद्यवृंद, मग सामना, आणि सामना संपला की बास्केट बाजूला सारून पुन्हा नृत्य. त्या घसरड्या जमिनीवर पाय रोवून धावणे ही वेगळीच विद्या होती. पाहुण्या संघांचे खेळाडू तेथे घसरत, रेन्सचे सहसा नाही.

१२/
त्या काळी सर्वश्रेष्ठ गणला जाणारा गोरा संघ म्हणजे न्यू यॉर्कचाच ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ (आजच्या बॉस्टन सेल्टिक्सशी त्याचा संबंध नाही). रेन्स आणि सेल्टिक्स परस्परांशी खेळू लागले आणि प्रेक्षकांची झुंबड उडू लागली. डिसेंबर १९२५ मध्ये रेन्सने त्यांना प्रथम हरवले. त्यानंतर हा सामना म्हणजे खेळही होता आणि त्याहून मोठ्या एका प्रश्नाची जाहीर चाचणीही : कोण श्रेष्ठ?

१३/
आणि इथे एक हृद्य प्रसंग. सेल्टिक्सचा उंच सेंटर जो लॅपचिक आणि रेन्सचा सेंटर चार्ल्स ‘टारझन’ कूपर यांची चेंडू उडवण्यासाठी मध्यभागी गाठ पडे. रिवाज हस्तांदोलनाचा. लॅपचिक मात्र भर प्रेक्षागारात कूपर यांना मिठी मारीत. गोऱ्याने कृष्णवर्णीयाला असे कवटाळणे अनेकांना सहन होत नसे, त्यांनी त्याची किंमतही मोजली. हे लॅपचिक नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

१४/
१९२५ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीग सुरू झाली. तिने रेन्सला प्रवेश दिला नाही. १९२६ मध्ये सेल्टिक्स या लीगमध्ये आले आणि इतके जिंकत सुटले की चुरस टिकावी म्हणून अखेर तो संघच मोडून खेळाडू इतरांत वाटण्यात आले. गोरा संघ फार जिंकतो म्हणून फोडावा लागला. त्याच्या तोडीस तोड असलेल्या कृष्णवर्णीय संघाला दारातच उभे केले गेले.

१५/
मग १९२९ ची मंदी आली. हार्लेममधील हातात खुळखुळणारा पैसा आटला, नृत्यगृहातील गर्दी ओसरली. घरच्या सामन्यांवर संघ जगेना. डग्लस यांनी बस घेतली आणि रेन्स बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाले. आज एक गाव, उद्या दुसरे. कधी एका दिवसात दोन सामने. शाळांच्या व्यायामशाळा, लष्करी कवायतीची सभागृहे, नृत्यगृहे, जिथे दोन बास्केट टांगता येतील तिथे.

१६/
सामना पाहायला गावातील गोरे लोक तिकीट काढून येत, टाळ्या वाजवीत. पण त्याच गावातील हॉटेल याच खेळाडूंना खोली देत नसे, खानावळ पान वाढत नसे. म्हणून संघ एखाद्या मोठ्या शहरातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मुक्काम ठेवी आणि तेथून शंभर-दोनशे मैल जाऊन, खेळून, रात्री परते. बस हीच झोपायची जागा, बस हीच खानावळ. पाव आणि थंड मांसाचे काप यांवर कित्येक रात्री निघत.

१७/
दौऱ्याचा कारभार एरिक इलिज पाहत. आयोजक प्रेक्षकांची संख्या कमी सांगून वाटा बुडवीत, म्हणून इलिज हातात मोजणीचे यंत्र घेऊन दारात उभे राहत आणि आत जाणारे डोके न् डोके मोजत. पैसे हाती पडल्याशिवाय संघ मैदानात उतरत नसे. त्यांच्याजवळ पिस्तूलही असे. एका क्रीडासंघाच्या व्यवस्थापकाला पिस्तूल बाळगावे लागते, यातून त्या रस्त्यांची कल्पना यावी.

१८/
पंचही सहसा त्या त्या गावचेच. आयझॅक्स यांनी पुढे सांगितले आहे की सामना सुरू होताच होईल तितक्या लवकर दहा गुणांची आघाडी घ्यायची, हा संघाचा दंडक होता; कारण पंचांकडून तेवढे गुण आपल्याला मिळणार नाहीत हे गृहीतच असे. थोडक्यात, बरोबरीला यायचे तर दहा गुण पुढे असावे लागे. हे गणित फक्त बास्केटबॉलपुरते नव्हते.

१९/
त्यांचा खेळ कसा होता? चेंडू जमिनीवर फारसा आपटायचा नाही. हातातून हातात, हातातून हातात, इतक्या वेगाने की प्रतिस्पर्धी चेंडूमागे भोवऱ्यासारखे फिरत. स्वतःहून विश्रांतीची वेळ मागायची नाही, समोरच्याला दमवायचे. गुणसंख्या आजच्या मानाने कमी दिसते, कारण १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी नेऊन उडवला जाई. तेथे ६ फूट ४ इंच उंचीचे कूपर असले की चेंडू बहुधा रेन्सचाच.

२०/
१९३० च्या दशकातील सात खेळाडूंचा संच सर्वांत गाजला. कर्णधार क्लॅरेन्स ‘फॅट्स’ जेन्किन्स, टारझन कूपर, ‘वी विली’ स्मिथ, जेम्स ‘पॅपी’ रिक्स, आयर सेच, बिल यॅन्सी, ‘केसी’ होल्ट. यांपैकी जेन्किन्स आणि यॅन्सी उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल लीगमध्ये खेळत. सेच हे कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेचे विजेते. डग्लस खेळाडूंशी संपूर्ण हंगामाचे करार करीत, त्यामुळे संघ टिकून राहिला आणि हे सातही जण एकमेकांचा श्वास ओळखू लागले.

२१/
१९३२-३३ चा हंगाम. १ जानेवारी ते २७ मार्च १९३३ या ८६ दिवसांत रेन्सने लागोपाठ ८८ सामने जिंकले. पुन्हा वाचा : ८६ दिवस, ८८ विजय. तेही रोज नव्या गावात, परक्या पंचांपुढे, बसमध्ये झोपून. ही मालिका अखेर तोडली ती जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी, सेल्टिक्सनी. त्या हंगामाचा हिशेब १२० विजय आणि ८ पराभव असा सांगितला जातो.

२२/
त्या वर्षांत इंडियानातील व्यावसायिक संघांतून त्यांच्याविरुद्ध खेळणाऱ्यांत एक गोरा तरुण होता, जॉन वुडन. पुढे यूसीएलए विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील सर्वांत मोठे नाव झालेला. आयुष्यभर तो रेन्सच्या सांघिक खेळाचे गोडवे गात राहिला. योगायोग पाहा : १९७१ ते १९७४ या काळात वुडनच्या संघाने लागोपाठ सामने जिंकले तेही ८८ च. तो आकडा अमेरिकेला पाठ आहे. रेन्सचा फारच थोड्यांना.

२३/
आता पुन्हा १९३९ कडे. शिकागोतील एका वृत्तपत्राने व्यावसायिक संघांची खुली स्पर्धा भरवली. रंगाची अट नाही, जो जिंकेल तो अजिंक्य. उपांत्य फेरीत रेन्सची गाठ दुसऱ्या एका कृष्णवर्णीय संघाशी पडली, हार्लेम ग्लोबट्रॉटर्सशी. रेन्स २७-२३ असे जिंकले. २८ मार्चला अंतिम सामना विस्कॉन्सिनच्या ऑशकॉश ऑल-स्टार्सशी, जो त्या वेळच्या नॅशनल लीगमधील बलाढ्य गोरा संघ. निकाल : रेन्स ३४, ऑशकॉश २५.

२४/
विजेत्यांना १००० डॉलर मिळाले. पगी बेल स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. जेथे एकाच मैदानावर, एकाच नियमाने गोरे आणि कृष्णवर्णीय संघ भिडले अशी ती पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, आणि तिचा पहिला मानकरी हार्लेमचा संघ. आयझॅक्स यांनी जॅकेटवरून तो शब्द का उसवला, हे आता वेगळे सांगायला नको. ‘कलर्ड’ अजिंक्यपद नावाची कोणतीही स्पर्धा त्यांनी जिंकली नव्हती.

२५/
इथे ग्लोबट्रॉटर्सचा घोळ निस्तरायला हवा. नावात हार्लेम असले तरी तो संघ मूळ शिकागोचा, मालक एब सेपरस्टीन हे गोरे. संघ कृष्णवर्णीयांचा आहे हे लोकांना कळावे म्हणून ‘हार्लेम’ जोडलेले. खेळाडू अव्वल होते. १९४० ची जागतिक स्पर्धा त्यांनीच जिंकली. पण पुढे त्यांची ओळख बनली ती चेंडूच्या कसरतींनी आणि विनोदांनी. गोऱ्या प्रेक्षकाला हसवणारा कृष्णवर्णीय खेळाडू चटकन आपलासा वाटला. रेन्स हसवत नसत, हरवत. जगाने कोणाला लक्षात ठेवले, हे आपण जाणतोच.

२६/
दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले आणि फिरत्या संघाचे पायच बांधले गेले. रेन्सचे कित्येक खेळाडू वॉशिंग्टन बेअर्स या संघातून खेळू लागले आणि १९४३ ची जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकली, पुन्हा ऑशकॉशलाच हरवून. दोन्ही विजयांत सहभागी असलेले झॅक क्लेटन पुढे मुष्टियुद्धाचे पंच झाले. १९७४ मध्ये किन्शासा येथे मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन लढले, तेव्हा रिंगणातले तिसरे गृहस्थ म्हणजे क्लेटन.

२७/
१९४६ मध्ये मोठ्या शहरांतील प्रेक्षागारांच्या मालकांनी नवी लीग काढली, बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे बीएए. आजची एनबीए आपला इतिहास इथूनच मोजते. रेन्सला तिचेही दार बंद राहिले. १९४८ मध्ये जागतिक स्पर्धा शेवटची भरली. रेन्स अंतिम फेरीत पोहोचले आणि मिनियापोलिस लेकर्सकडून ७५-७१ असे हरले. लेकर्सचा भीमकाय जॉर्ज मायकन एकटा ४० गुण करून गेला. अवघ्या चार गुणांचे अंतर, पण लीगच्या दाराचे अंतर काही मिटले नाही.

२८/
डिसेंबर १९४८. नॅशनल लीगमधील डेट्रॉइटचा संघ हंगामाच्या मध्यातच बुडाला. ती जागा भरायला रेन्सना बोलावणे आले. अटी अशा : घर हार्लेममध्ये नव्हे, ओहायोतील डेटन या गावी, आणि डेट्रॉइटचे २ विजय व १७ पराभव आपल्या माथी घेऊन सुरुवात. संघ थकला होता, त्याचे उत्तम दिवस सरले होते. तरीही गोऱ्या लीगमध्ये संपूर्ण कृष्णवर्णीय संघ प्रथमच दाखल झाला. पॉप गेट्स हे खेळाडू आणि प्रशिक्षक, दोन्ही.

२९/
डेटनच्या गोऱ्या प्रेक्षकांनी या संघाला आपले मानले नाही. पाहुणा कृष्णवर्णीय संघ पाहायला गर्दी होई, पण घरचा संघ म्हणून त्याच्यासाठी गळा काढायला कोणी तयार नव्हते. रेन्सचे स्वतःचे १४ विजय आणि २६ पराभव झाले. १९४९ मध्ये दोन्ही लीग एकत्र येऊन एनबीए झाली. विलीनीकरणाच्या यादीत रेन्सचे नाव नव्हते. पंचवीस वर्षांचा प्रवास तेथे थांबला.

३०/
पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, एनबीएने कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला सुरुवात केली. बॉस्टनने चक कूपर यांना निवडले. ३१ ऑक्टोबरला अर्ल लॉइड प्रथम मैदानात उतरले. आणि न्यू यॉर्क निक्सने घेतले नॅट ‘स्वीटवॉटर’ क्लिफ्टन यांना, जे पूर्वी रेन्सकडून खेळले होते. निक्सचा प्रशिक्षक कोण होता? जो लॅपचिक. एकेकाळी टारझन कूपरना मिठी मारणारा तोच माणूस.

३१/
हा सुखान्त वाटतो, आणि खेळाडूंच्या दृष्टीने तो होताही. पण यातील सूक्ष्म हानी नजरेआड होऊ नये. दार उघडले ते एकेका खेळाडूसाठी. संघासाठी नाही, मालकासाठी नाही, व्यवस्थापकासाठी नाही. डग्लस यांनी उभे केलेले करार, दौऱ्यांचे तंत्र, इलिज यांची हिशेबाची शिस्त, नवे खेळाडू हेरण्याची नजर, यांतले काहीच नव्या व्यवस्थेत गेले नाही. समावेश झाला तो गुणांचा. सत्ता जिथल्या तिथेच राहिली.

३२/
बेसबॉलचे उदाहरण पाहा. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने कृष्णवर्णीयांच्या जुन्या लीगना ‘मेजर’ दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिळवली. रेन्सच्या बाबतीत तेवढे सोपे नाही, कारण मिळवायला लीगच नाही. ते गावोगाव जिथे मिळेल तिथे खेळले, कारण लीगने त्यांना घेतलेच नाही. ज्या कारणाने त्यांना वगळले, त्याच कारणाने त्यांचे २५८८ विजय आज कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. अन्यायाची ही दुसरी पाळी, आणि ती बिनआवाजाची असते.

३३/
मान मिळाला, पण हप्त्याहप्त्याने. १९६३ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या हॉल ऑफ फेममध्ये संपूर्ण संघाचा समावेश झाला. १९७२ मध्ये बॉब डग्लस यांचा, ते तेव्हा नव्वदीला टेकले होते. व्यक्ती म्हणून तो मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९७७ मध्ये टारझन कूपर, १९८९ मध्ये पॉप गेट्स, २०१४ मध्ये क्लिफ्टन. कर्णधार जेन्किन्स यांची पाळी आली २०२१ मध्ये, ८८ विजयांच्या त्या हंगामानंतर ८८ वर्षांनी.

३४/
रेनेसान्स कॅसिनोचे काय झाले? संघ गेल्यावरही डग्लस कित्येक वर्षे त्या नृत्यगृहाचा कारभार पाहत होते. १९७९ मध्ये ते वारले, त्याच वर्षी दारेही बंद झाली. पुढे छप्पर गळले, भिंतींवर झाडे उगवली. वास्तू जतन व्हावी म्हणून प्रयत्न झाले, ते फळास आले नाहीत. २०१५ मध्ये ती पाडली गेली. तेथे आता सदनिकांची इमारत आहे, ‘द रेनी’ नावाची. नावापुरते तेवढे उरले.

३५/
आणि जॉन आयझॅक्स? पनामात जन्मलेला, हार्लेममध्ये वाढलेला तो खेळाडू पुढे ब्रॉन्क्समधील मुलांच्या एका क्लबमध्ये अनेक दशके मुलांना बास्केटबॉल शिकवत राहिला. आपण कोणाविरुद्ध आणि कशासाठी खेळलो हे तो मुलांना सांगे. करीम अब्दुल-जब्बार यांनी रेन्सवर पुस्तक लिहिले, माहितीपट काढला. त्यात आयझॅक्स यांच्या आठवणींचा मोठा आधार आहे. जानेवारी २००९ मध्ये, त्र्याण्णव्या वर्षी ते गेले.

३६/
हॉल ऑफ फेममध्ये आयझॅक्स यांचे नाव कोरले गेले ते २०१५ मध्ये. ज्या वर्षी त्यांची वास्तू जमीनदोस्त झाली, त्याच वर्षी. तेथील नोंदीत त्यांच्या संघापुढे १९३९ चे जागतिक अजिंक्यपद लिहिले जाते आणि त्याला आता कोणतेही विशेषण जोडले जात नाही. तो शब्द इतिहासाच्या पुस्तकांतून निघायला अनेक दशके लागली. एका तेवीस वर्षांच्या मुलाने तो ब्लेडने काही मिनिटांत काढला होता.

(थ्रेड समाप्त.)